सहा सायकलपटू, पाच दिवस आणि मागून येणारी मोटार

जानेवारी २०२६ मध्ये ‘पुणे ग्रँड टूर’ पाहण्यासाठी रस्त्याच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या पुणेकरांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली असेल. तासभर वाट पाहावी, पोलिसांच्या शिट्ट्या वाजाव्यात, वाऱ्याच्या झोताप्रमाणे सायकलींचा जथा समोरून निघून जावा आणि अर्ध्या मिनिटात सारे संपावे. त्यानंतर मात्र टपावर सायकली बांधलेल्या मोटारींची लांबलचक रांग जात राहिली. शर्यत गेली असे समजून अनेकांनी पाठ फिरवली, ती नेमकी याच वेळी. प्रत्यक्षात शर्यतीचे निम्मे डावपेच त्या रांगेत चाललेले असतात.

त्या प्रत्येक मोटारीत एका संघाचा व्यवस्थापक असतो. बड्या युरोपीय संघांचा व्यवस्थापक तज्ज्ञांच्या फौजेसह येतो. छोट्या संघाच्या व्यवस्थापकाला मात्र सहा सायकलपटू, एक मेकॅनिक, मसाज करणारा एक सहकारी आणि मोजका पैसा एवढ्यावरच मोसमाची सुरुवात करावी लागते. त्याचे काम शर्यत जिंकण्याचे असते, असा सर्वसाधारण समज आहे. या व्यवसायातील वास्तव थोडे वेगळे आहे. कोणती शर्यत, कोणता टप्पा आणि कोणता क्षण सोडून द्यायचा, हे ठरवणे हे त्याचे खरे काम. हाताशी असलेली माणसे आणि त्यांची ताकद जपून खर्च करणे, हीच छोट्या संघाची रणनीती असते.

‘२.२’ म्हणजे काय?

सायकलिंगच्या जागतिक संघटनेने, म्हणजेच यूसीआयने, शर्यतींची श्रेणी आकड्यांत ठरवली आहे. पहिला आकडा शर्यतीचा प्रकार सांगतो. एक म्हणजे एकदिवसीय शर्यत, दोन म्हणजे अनेक टप्प्यांची. दुसरा आकडा दर्जा सांगतो. १९ ते २३ जानेवारी २०२६ या काळात पुणे शहर व जिल्ह्यात झालेली पुणे ग्रँड टूर ही ‘२.२’ श्रेणीची होती. या श्रेणीची अनेक टप्प्यांची शर्यत भारतात प्रथमच झाली. आठ किलोमीटरहूनही कमी अंतराचा प्रोलॉग आणि त्यानंतर चार टप्पे मिळून एकूण अंतर सुमारे ४३७ किलोमीटर होते. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशा भागांतून मार्ग गेला. त्यासाठी जिल्ह्यातील रस्त्यांचे मोठ्या प्रमाणावर डांबरीकरण करण्यात आले.

व्यावसायिक संघांच्या तीन पायऱ्या आहेत. सर्वांत वर वर्ल्ड टीम, मध्ये प्रो टीम आणि तिसऱ्या पायरीवर कॉन्टिनेंटल टीम. कॉन्टिनेंटल संघात किमान १० आणि कमाल १६ सायकलपटू असतात आणि त्यांतील बहुसंख्य २८ वर्षांखालील असावेत, असा नियम आहे. वरच्या दोन पायऱ्यांवरील सायकलपटूंसाठी यूसीआयने किमान वेतन ठरवून दिले आहे. तिसऱ्या पायरीवर असे जागतिक बंधन नाही. त्यामुळे या पायरीवरचा तरुण सायकलपटू पगारापेक्षा वर चढण्याच्या आशेवर पायडल मारत असतो. ‘२.२’ शर्यती या प्रामुख्याने याच संघांचे मैदान आहेत. त्यांच्या जोडीला राष्ट्रीय, प्रादेशिक आणि क्लबचे संघही येतात.

या शर्यतीत एकूण वेळेच्या क्रमवारीत पहिला येणाऱ्याला ४० जागतिक गुण मिळतात, तर एक टप्पा जिंकणाऱ्याला सात. आकडे किरकोळ वाटतात, पण देशाचे जागतिक क्रमवारीतील स्थान, ऑलिम्पिकसाठी मिळणाऱ्या जागा आणि सायकलपटूचा पुढच्या वर्षीचा करार या गुणांवर अवलंबून असतो. मोसमाच्या आरंभी मिळालेले दोन-चार गुणदेखील छोट्या संघाला पुढच्या शर्यतींचे निमंत्रण मिळवून देऊ शकतात.

जानेवारीचे कोडे

व्यावसायिक सायकलिंगचे वर्ष जानेवारीत सुरू होते. युरोपात त्या वेळी कडाक्याची थंडी असते. त्यामुळे मोसमाच्या पहिल्या शर्यती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आखाती देश आणि आता भारत अशा ठिकाणी होतात. पुण्यात जानेवारीची पहाट दहा-बारा अंशांची आणि दुपार तीस अंशांच्या आसपासची असते. बर्फातून आलेल्या सायकलपटूला ही दुपार उन्हाळ्यासारखी भासते आणि उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला आठवडा-दीड आठवडा लागतो. बड्या संघांचे खेळाडू त्यासाठी आधी येऊन राहू शकतात. छोट्या संघाला हॉटेलच्या प्रत्येक रात्रीचा हिशेब करावा लागतो, म्हणून तो संघ अनेकदा दोन-तीन दिवस आधीच पोहोचतो.

दुसरा प्रश्न तयारीचा. सायकलपटू वर्षभर सारख्याच ताकदीने शर्यती करू शकत नाही. हिवाळ्यात लांब पल्ल्याचा, मध्यम वेगाचा सराव होतो. वेगाची धार नंतर शर्यतींतून येते. जानेवारीतच कोणी शिखरावर असेल, तर त्याने हिवाळ्याची विश्रांती मोडीत काढलेली असते आणि एप्रिल-मेमध्ये तो थकण्याची शक्यता अधिक. याउलट केवळ ‘सरावासाठी’ येणाऱ्या सायकलपटूच्या वाट्याला गुण येत नाहीत. व्यवस्थापक यातून मधला मार्ग काढतो. संघातील दोघांना या शर्यतीसाठी तयार करायचे, दोघांना पुढच्या महिन्यासाठी राखायचे आणि उरलेल्या दोघांना शिकण्याची संधी द्यायची. बारा जणांच्या संघातून सहा निवडताना सर्वांत वेगवान सहा निवडणे ही नवख्या व्यवस्थापकाची चूक मानली जाते. त्या शर्यतीला उपयोगी पडतील असे सहा निवडावे लागतात.

सहांची वाटणी

सायकल शर्यतीचे सारे शास्त्र हवेच्या विरोधात दडले आहे. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने जाताना बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या मागे चिकटून गेल्यास सुमारे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात; मोठ्या जथ्याच्या पोटात त्याहूनही अधिक. म्हणूनच विजेता एक असला तरी खेळ सांघिक आहे. पाच जण वारा अंगावर घेतात, तेव्हा सहावा ताजा राहतो.

सहा जणांत साधारणपणे एक नेता, म्हणजे एकूण वेळेच्या क्रमवारीसाठी जपायचा खेळाडू. एक शेवटच्या दोनशे मीटरमध्ये झेपावणारा स्प्रिंटर. एक घाट चढणारा. आणि तीन राबणारे. हे तिघे वारा झेलतात, मागे मोटारीपर्यंत येऊन जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबून पुढे नेतात आणि नेत्याचे चाक पंक्चर झाल्यास आपले चाक, प्रसंगी आपली सायकल काढून देतात. निकालपत्रात त्यांची नावे शेवटच्या पानावर सापडतात.

बड्या संघाला जथ्याच्या पुढे राहून शर्यतीचा वेग ठरवता येतो. सहा जणांच्या छोट्या संघाने ते करायचे ठरवले, तर दोन दिवसांत राबणारे तिघेही संपतात. त्यामुळे पिवळ्या किंवा अन्य रंगाची नेत्याची जर्सी पहिल्याच दिवशी आपल्या संघाकडे आली, तर छोट्या संघाचा व्यवस्थापक आनंदाबरोबर चिंतेतही पडतो. जर्सीचे रक्षण करण्याची जबाबदारी तिच्यासोबतच येते.

येथे एक वरकरणी विचित्र वाटणारा हिशेब सुरू होतो. प्रोलॉगमध्ये प्रत्येक जण एकटा, घड्याळाविरुद्ध पळतो. त्यात अर्धे मिनिट गमावलेला सायकलपटू एकूण क्रमवारीत मागे पडतो आणि म्हणूनच मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी तो जथ्यातून निसटून पुढे गेला, तरी आघाडीचे संघ त्याचा लगेच पाठलाग करत नाहीत. काही जण तर ठरवूनच प्रोलॉगमध्ये ताकद राखून ठेवतात. क्रमवारीतला तोटा टप्पा जिंकण्याच्या संधीत बदलण्याचा हा डाव छोट्या संघांना चांगला अवगत असतो.

उलट नेत्याच्या बाबतीत एकेक सेकंद मोलाचा. टप्प्यांच्या अनेक शर्यतींत अंतिम रेषेवर पहिल्या तिघांना दहा, सहा आणि चार सेकंदांची, तर मधल्या स्प्रिंटवर तीन, दोन आणि एक सेकंदाची सूट मिळते. चार-पाच दिवसांच्या शर्यतीत निकाल याच सेकंदांवर लागू शकतो. नेत्याला तीन सेकंद मिळवून द्यायचे, की ते प्रतिस्पर्ध्याला मिळू नयेत म्हणून निरुपद्रवी टोळीला पुढे जाऊ द्यायचे, याचा निर्णय आदल्या रात्री नकाशासमोर बसून होतो.

मोटारीतला दिवस

शर्यतीमागील मोटारींची रांग कशीही लागत नाही. प्रत्येक संघाच्या सर्वोत्तम सायकलपटूचे एकूण क्रमवारीत जे स्थान, त्यानुसार मोटारीचा क्रमांक ठरतो. म्हणजे दुबळ्या संघाची मोटार सर्वांत मागे. पंक्चर झाल्यावर आघाडीच्या संघाचा मेकॅनिक काही सेकंदांत पोहोचतो; विसाव्या-पंचविसाव्या क्रमांकाच्या मोटारीला अरुंद रस्त्यावरून वाट काढत यावे लागते. तोपर्यंत जथा पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे ‘आपले कोणीच जिंकणार नाही’ असे वाटणाऱ्या संघालाही एक सायकलपटू क्रमवारीत वर ठेवण्याची धडपड करावी लागते. ती केवळ प्रतिष्ठेसाठी नसते. मोटार पुढे राहावी, हेही त्यामागचे कारण असते.

मोटारीत एक रेडिओ असतो. त्यावर पंच शर्यतीची स्थिती सांगत राहतात. कोण पुढे गेले, अंतर किती, कोणत्या क्रमांकाला पंक्चर. वरच्या दर्जाच्या शर्यतींत सायकलपटूच्या कानातही व्यवस्थापकाचा आवाज पोहोचतो. ‘२.२’ दर्जाच्या शर्यतीत ही सोय गृहीत धरता येत नाही. मग निरोप नेण्याचा जुना मार्ग उरतो. सायकलपटूने हात वर करून मागे यावे, पंचाच्या परवानगीने मोटार पुढे जावी आणि खिडकीतून बाटली देता देता चार वाक्ये बोलून घ्यावीत. म्हणूनच असा व्यवस्थापक रस्त्यावरील ‘कप्तान’ म्हणून एखादा अनुभवी सायकलपटू संघात ठेवतो. तो भले जिंकत नसेल. पण क्षणात निर्णय घेणारा तोच असतो.

पाण्याचा हिशेब घेतला, तरी कामाची व्याप्ती ध्यानात येते. अडीच तासांच्या टप्प्यात उन्हात एका सायकलपटूला अर्ध्या लिटरच्या पाच बाटल्या लागतात असे धरू. सहा जणांच्या तीस झाल्या. सुरुवातीला प्रत्येकाच्या सायकलवर दोन, म्हणजे बारा. उरलेल्या अठरा बाटल्या चालत्या शर्यतीत पोहोचवायच्या असतात, त्याही नेमून दिलेल्या अंतरातच; कारण सुरुवातीच्या आणि अखेरच्या काही किलोमीटरमध्ये मोटारीतून काही देता येत नाही. शिवाय ताशी साठ ते नव्वद ग्रॅम कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. एका केळ्यात ती पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात. घाटाच्या पायथ्याशी बाटली पोहोचली नाही, तर वर जाताना पाय जड होतात आणि महिनाभराची तयारी वीस मिनिटांत वाया जाते.

पडझडीचा दिवस

पुणे ग्रँड टूरच्या पहिल्या टप्प्यातच, मुळशी-मावळच्या मार्गावर, अनेक सायकलपटू एकाच वेळी कोसळले आणि शर्यत काही काळ थांबवावी लागली. असे अपघात जगभर होतात आणि मोसमाच्या आरंभी अधिक होतात. महिनोन् महिने एकट्याने किंवा लहान गटात सराव केलेले दीडशेहून अधिक सायकलपटू एकाएकी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावू लागतात. प्रत्येकाला पुढे राहायचे असते. रस्ता अरुंद झाला, की पुढच्याने दाबलेल्या ब्रेकचा परिणाम मागच्या साठाव्या सायकलपर्यंत पोहोचतो.

अशा क्षणी छोट्या संघाच्या व्यवस्थापकासमोर सर्वांत अवघड प्रश्न उभा राहतो. रक्ताळलेला गुडघा आणि फाटकी जर्सी घेऊन उठलेला सायकलपटू ‘मी ठीक आहे’ असेच म्हणतो. त्याच्या करारासाठी हा टप्पा पूर्ण करणे आवश्यक असते. जो एका दिवशी शर्यत सोडतो, तो दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर उभा राहू शकत नाही. बदली खेळाडूची सोय या खेळात नाही. डोक्याला मार लागला असेल, तर मात्र चर्चेला जागा उरत नाही. दिवस, वार, ठिकाण अशा साध्या प्रश्नांना उत्तर देताना सायकलपटू चाचरला, तरी त्याला मोटारीत घ्यायचे, हा दंडक जबाबदार संघ पाळतात. सहातील एक कमी झाल्याचे दुःख मोठे असले, तरी तेवीस वर्षांच्या मुलाच्या मेंदूपेक्षा ते मोठे नसते.

नियम काही ठिकाणी हात देतात. सपाट टप्प्याच्या शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये पडल्यास, ज्या गटात सायकलपटू होता, त्या गटाचीच वेळ त्याला मिळते. मात्र त्याआधी पडल्यास घड्याळ थांबत नाही. विजेत्याच्या वेळेपेक्षा ठरावीक टक्क्यांहून अधिक वेळ घेणारा बाद होतो. म्हणून राबणारे तिघे घाटात मागे पडले, की ते एकत्र राहून, मर्यादेचा हिशेब करत, जेमतेम वेळेत पोहोचण्याचा प्रयत्न करतात. प्रेक्षकांना ते पराभूत वाटतात. व्यवस्थापकाच्या लेखी ते उद्याचे भांडवल असते. सांघिक क्रमवारीही प्रत्येक टप्प्यातील पहिल्या तिघांच्या वेळेच्या बेरजेवर ठरते. तिघेच उरले, तर त्यांतील एकाचे पंक्चरदेखील सारे गणित विस्कटते.

संध्याकाळ आणि पाकीट

अंतिम रेषा ओलांडल्यावर सायकलपटूंचा दिवस संपतो आणि बाकीच्यांचा सुरू होतो. मसाज करणारा सहा जणांचे पाय चोळतो, तोच दुसऱ्या दिवशीच्या बाटल्या भरतो आणि भाताचे लहान लहान गोळे कागदात बांधतो. मेकॅनिक सहा सायकली धुतो, साखळ्या तपासतो, खडबडीत डांबर असेल तर टायरमधली हवा थोडी कमी ठेवतो. व्यवस्थापक उद्याचा मार्ग मोटारीतून पाहून येतो. गतिरोधक कोठे, वळणावर वाळू कोठे, गावात रस्ता कोठे आवळतो, याच्या नोंदी करतो. परक्या देशात पोट बिघडणे हा संघाचा सर्वांत मोठा शत्रू. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर साधा भात, उकडलेली अंडी, दही आणि बंद बाटलीतील पाणी एवढ्यावर भर दिला जातो.

सायकलिंगमध्ये तिकीट लावून प्रेक्षक आणता येत नाहीत. रस्ता सर्वांचा असतो. टीव्हीच्या हक्कांतील वाटाही छोट्या संघाच्या हाती पडत नाही. सारा डोलारा प्रायोजकावर उभा असतो आणि प्रायोजक गेला, की संघ बंद होतो. बक्षिसाची रक्कम रूढीप्रमाणे संघातील सगळ्यांत वाटली जाते, त्यात मेकॅनिक आणि मसाज करणारेही आले. यात उदारपणाचा भाग आहेच, पण व्यवहारही आहे. उद्या पुन्हा वारा झेलायचा असेल, तर आजच्या यशात आपला वाटा आहे हे राबणाऱ्याला दिसले पाहिजे.

पुण्यापुढचा प्रश्न

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. मुंबई-पुणे सायकल शर्यतीने येथील अनेक पिढ्यांना वेड लावले. खंडाळ्याचा घाट सर्वांत आधी चढणाऱ्याला मिळणारा ‘घाटाचा राजा’ हा किताब आजही जुन्या पुणेकरांच्या तोंडी आहे. बालेवाडीला क्रीडासंकुल आहे. दिवे घाट, बोपदेव घाट, कात्रज आणि सिंहगडाच्या रस्त्यावर भल्या पहाटे सराव करणारे तरुण रोज दिसतात. चढ आणि हवामान, या दोन्ही बाबतींत या शहराला निसर्गाने कमी काही दिलेले नाही.

उणीव आहे ती संघाची. भारतातील चांगला सायकलपटू बहुधा रेल्वे किंवा सैन्यदलात क्रीडा कोट्यातून नोकरी मिळवतो. त्या नोकरीने घर चालते आणि म्हणूनच ती मोलाची आहे. राष्ट्रीय स्पर्धांत तो आपल्या खात्याकडून आणि परदेशी पाहुणे आले की राष्ट्रीय संघाकडून उतरतो. वर्षभर त्याच सहा जणांनी एकत्र शर्यती करणे, एकमेकांचा दम ओळखणे, न बोलता जागा बदलणे, यासाठी लागणारा कायमचा संघ मात्र त्याच्याभोवती क्वचितच असतो. ताकद एकट्याने कमावता येते. जथ्यात दीडशे जणांमध्ये जागा टिकवण्याचे कसब मात्र शर्यतींतच येते. युरोपातील तरुण वर्षाला पन्नास-साठ दिवस शर्यत करतो. त्यातील बरेच दिवस तो हरतो आणि त्यातूनच शिकतो.

जानेवारीतील एका भव्य शर्यतीने रस्ते गुळगुळीत झाले आणि खेळ घराघरांत पोहोचला. पुढचे पाऊल त्याहून कमी दिमाखाचे आहे. दहा-बारा तरुण, दोन मोटारी, एक जाणता व्यवस्थापक आणि किमान तीन वर्षे पाठीशी उभा राहील असा प्रायोजक. पहिल्या वर्षी असा संघ काही जिंकणार नाही, हे प्रायोजकाला आधीच सांगावे लागेल. पहिल्या वर्षी सहाच्या सहा जणांनी पाचवा दिवस पाहिला, मोटार रांगेत पाच क्रमांक पुढे सरकली आणि कोणीतरी एखादा गुण मिळवला, तर तेवढे यश पुष्कळ मानावे लागेल.

‘घाटाचा राजा’ ओळखायला पुणेकरांना कोणी शिकवण्याची गरज नाही. त्या राजासाठी पायथ्यापर्यंत वारा झेलून, नंतर शेवटच्या गटात मर्यादेच्या दोन मिनिटे आधी पोहोचणाऱ्या सायकलपटूची ओळख मात्र अजून व्हायची आहे. पुढच्या वेळी जथा निघून गेल्यावर रस्त्याच्या कडेला थोडे अधिक थांबले, तर तो दिसेल. त्याच्या मागे सावकाश येणारी, टपावर सायकली बांधलेली ती मोटारही दिसेल.